सायलेंट खोलीतली किल्ली

दार

कचऱ्याची पिशवी ठेवायला तो उंबऱ्याबाहेर आला आणि मागे दार लागलं. वाऱ्याने लागलं की स्वतःच्या मर्जीने, ते दारालाच ठाऊक. किल्ली आत, मोबाइल आत, चपला आत. गॅसवर बटाटे. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये, आणि पर्ससकट बायको ग्रंथालयात.

बटाटे उकडायला ठेवण्यामागे राजकारण होतं. घरात रात्रीपासून अबोला होता. तोही पुरता नव्हे. भांडी बोलत होती. कपबशी जरा जोरात ठेवली जायची, कपाटाचं दार गरजेपेक्षा जास्त लागायचं. दुपारी बायको येईल तेव्हा बटाटे तयार असले, तर सोलता सोलता एखादा शब्द निघेल, असा त्याचा अंदाज.

चूक त्याचीच होती. फळबाजारात पहाटे लिलाव पुकारायचं त्याचं काम. सगळे त्याला भोंगा म्हणत आणि तो ओ देई. काल ग्रंथालयाच्या दारात उभं राहून त्याने बायकोला विचारलं होतं, "येताना साबण आणू का?" त्याच्या मते कुजबुजत. वर पेंगत बसलेल्या विश्वस्तांच्या नाकावरचा चष्मा खाली पडला. हे विश्वस्त म्हणजे त्याच बाजारातले फळांचे जुने व्यापारी. बायको तिथे तात्पुरती मुख्य ग्रंथपाल होती. तिला कायम करायचं की बाहेरून कुणाला आणायचं, हे ते याच आठवड्यात ठरवणार होते. चष्मा उचलून ते तिला म्हणाले, "बाई, घरचा भोंगा बंद होत नाही, तिथे गावाला कसं गप्प बसवणार?"

"यापुढे तिथे तुमचा आवाज आला," ती रात्री नवऱ्याला म्हणाली, "तर माझी जागा गेली म्हणून समजा." एवढं बोलून अबोला सुरू झाला.

भोंगा अनवाणीच पळत सुटला.

जिना

"बाईंना भेटायचंय," तो पहारेकऱ्याला म्हणाला आणि आपलाच हात आपल्या तोंडावर ठेवला.

"इथे बोला बिनधास्त. जिन्याला नियम नाही. नियम वर."

वर समोरासमोर दोन खोल्या होत्या आणि दोन्हींवर नव्या कोऱ्या पाट्या. विश्वस्तांनी कुठल्याशा मोठ्या शहरातलं ग्रंथालय बघून त्या करून आणल्या होत्या. डावीकडे क्वाएट. उजवीकडे सायलेंट.

"दोन्हींचा अर्थ शांतच ना रे?"

"कोशात असेल. इथे नाही. क्वाएट म्हणजे माणसाला आवाज आहे, पण तो जपून वापरतो. सायलेंट म्हणजे आपल्याला आवाज दिलेलाच नाही असं समजून बसायचं. सकाळपासून येईल त्याला हेच सांगतोय. घसा बसला माझा."

"म्हणजे तू क्वाएट झालास."

"उद्यापर्यंत सायलेंट होईन."

"बरं, ते राहू दे. घरात गॅस चालू राहिलाय. दार लागलंय. बाई कुठेत?"

"सायलेंटमध्ये. विश्वस्त साहेबही तिथेच बसलेत, बाईंची परीक्षा घ्यायला."

"मग तू जाऊन सांग की."

"माझे बूट करकरतात. सकाळीच हाकललंय मला."

"काढ बूट."

"बूट काढले तर गणवेश पुरा राहत नाही. आणि ऐका, सायलेंटमधून ज्याला बाहेर काढलं, त्याला त्या दिवशी वर घ्यायचं नाही. साहेबांचा हुकूम. तुम्ही अनवाणी आलात ते बाकी बरं केलंत."

क्वाएट

आवाज जपून वापरायची सवलत असेल तर तिथेच प्रयत्न करावा, असं वाटून तो आधी डावीकडे वळला. टेबलाशी एक ताई बसल्या होत्या.

"ताई, एक निरोप होता," तो म्हणाला.

पंख्याखाली वाचत बसलेल्या एका आजोबांच्या हातून पान फाटलं.

"हळू," ताई म्हणाल्या.

"हळूच बोलतोय."

"याहून हळू येत नाही?"

"बाजारात याला मुका म्हणतील."

"काका, तुमच्या कुजबुजीला इथे जागा नाही. तुम्ही सायलेंटमध्ये जा. तिथे बोलायचंच नसतं, म्हणजे तुम्हाला सोपं."

"पण मला बोलायचंच आहे. घरी बटाटे..."

"काय भाव?" आजोबांनी विचारलं.

त्यावर सगळ्या खोलीने मिळून श्श केलं. ते श्श त्याच्या बोलण्याहून मोठं होतं, पण नियमात बसत होतं. ताईंनी कागदाचा कपटा आणि पेन्सिल पुढे सरकवली.

"लिहून द्या बाईंना. पेन नको, त्याचं टोपण वाजतं."

सायलेंट
(या खोलीत अवतरणचिन्हं आणायला मनाई आहे)

बायको उंच टेबलामागे बसली होती. त्याला पाहून तिचा चेहरा उतरला. ओठ घट्ट मिटून, दोन्ही तळवे दाखवत, शस्त्र टाकलेल्या माणसासारखा तो पुढे गेला आणि चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, किल्ली दे, गॅसवर बटाटे आहेत. तिने ती उघडलीच नाही. माफीची चिठ्ठी वाटली असणार, आणि खिडकीजवळून विश्वस्त टक लावून बघत होते. कामाच्या जागी नवऱ्याची चिठ्ठी वाचणारी बाई त्यांना दिसायला नको होती. तिने चिठ्ठीची घडी आणखी लहान केली आणि सूचनापेटीत टाकली. पेटीला कुलूप होतं. ती महिनाअखेरीला उघडे. मग तिने बोटाने एक रिकामी खुर्ची दाखवली.

तो बसला. इथे बोलायला भांडीसुद्धा नव्हती. घरात चाललं होतं ते क्वाएट, हे सायलेंट. फरक आता त्याला पहारेकऱ्याशिवाय कळला. तिकडे पातेल्यातलं पाणी आटत असणार. बटाटे उघडे पडत असणार.

त्याने हातांनी गोल बटाटा केला, खाली जाळ केला, हवेत किल्ली फिरवली. बायकोने नजर पुस्तकात घातली. शेजारच्या विद्यार्थ्याला वाटलं, काकांना उकडतंय. त्याने उठून खिडकी उघडली आणि मान लववून पुन्हा बसला.

मग त्याचे हात आपोआप बाजारावर गेले. पहाटेच्या गलक्यात भोंग्याचाही आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे, म्हणून बाजाराने स्वतःच्या खुणा केल्या होत्या. मूठ छातीशी, म्हणजे गोदामाला कुलूप. बोटं कानाशी फडफडवली, म्हणजे आतला माल तापलाय. तळवा खाली, आणखी खाली, म्हणजे वजन घटतंय, लवकर करा. घरी तर हुबेहूब तेच चाललं होतं. त्याने तिन्ही खुणा एकापाठोपाठ केल्या, पुन्हा केल्या. बायकोला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

खिडकीजवळच्या माणसाला मात्र सगळं कळलं. त्याने अर्धं आयुष्य याच खुणा वाचण्यात काढलं होतं, आणि त्याचं गोदाम कालच पेट्यांनी भरलं होतं. विश्वस्त खुर्ची ढकलून उठले आणि मनाई असलेली अवतरणचिन्हं धडाधड आत घुसली.

"कुणाचं गोदाम? माझं? अरे भोंग्या, बोल की. माझा माल तापलाय का?"

भोंगा बोलला नाही. आयुष्यभर लोकांनी त्याला गप्प बस म्हटलं होतं. आज कुणी बोल म्हणत होतं आणि तो खाली बघत होता.

बायको उभी राहिली. खोलीतली सगळी डोकी तिच्याकडे वळली. तिने एकदा विश्वस्तांकडे पाहिलं, एकदा पाटीकडे. मग हात उचलला आणि दार दाखवलं. आधी विश्वस्तांना. त्यांच्यामागून, हिशेब पुरा करायला, नवऱ्याला.

पुन्हा जिना

"मला?" विश्वस्त म्हणाले. "माझ्या ग्रंथालयातून मला बाहेर?"

"नियम तुमचाच, साहेब," पहारेकरी म्हणाला.

"तू गप्प. भोंग्या, गोदाम कुणाचं?"

"गोदाम नाही हो. घर. गॅसवर बटाटे आहेत आणि किल्ली तिच्याकडे."

"मग माल तापल्याची खूण कशाला केलीस? ती पेटीतल्या फळाची."

"बटाटे उकडायची खूण बाजारात कुठे आहे?"

"ठीक आहे. वर जा आणि किल्ली माग."

"मला बाहेर काढलंय."

"मी मागतो."

"साहेब, तुम्हालाही," पहारेकरी म्हणाला. तो जिन्याच्या मधोमध उभा होता, ओशाळलेला, पण हलत नव्हता. "कुणीही असो, वर सोडायचं नाही, असं तुम्हीच म्हणालात. मी म्हटलं होतं, कुणीही म्हणजे अगदी कुणीही का? तुम्ही हो म्हणालात."

रस्ता

दोघे फुटपाथवर येऊन त्या उघड्या खिडकीखाली उभे राहिले.

"हाक मार," विश्वस्त म्हणाले.

"नाही."

"अरे, घर जळेल तुझं."

"हाक मारली तर तिची जागा जाईल."

"जागा मी देणार आहे ना?"

"म्हणूनच तर."

भोंग्याने छाती भरून घेतली, तशीच सोडली, पुन्हा भरली. पलीकडचा बाजार एका हाकेत जागा करणारा माणूस बायकोच्या नावाची दोन अक्षरं तोंडात धरून घामाघूम झाला होता.

तेवढ्यात खिडकीत बायकोचा हात दिसला. एवढा बोलका माणूस, बोल म्हटल्यावरही बोलत नाही, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, हे तिने ओळखलं होतं. आणि हवेत फिरवलेली किल्ली उशिरा का होईना, तिला उलगडली होती. हातातून एक पांढरी पुरचुंडी सुटली आणि दोघांच्या मध्ये पडली. खिडकी बंद झाली.

विश्वस्तांनी वाकून पुरचुंडी उचलली. रुमालात कडीत अडकवलेली किल्ली होती. ती कडीवर आपटू नये म्हणून मधे कापसाचा बोळा घातला होता.

"आवाज नाही झाला," ते म्हणाले.

"नाही."

"दुसऱ्या मजल्यावरून. घर पेटायची वेळ आली असताना." त्यांनी किल्ली भोंग्याच्या हातात ठेवली. "कायम. आजपासून कायम. मला उद्यापर्यंत वर जाता येणार नाही आणि बाईंचा मोबाइल खणात बंद. तूच सांग त्यांना घरी. पण हळू सांग."

घर

घर वाचलं. बटाटे नाही. पातेल्याचा तळ आणि बटाटे यांत कुठे काय संपतं ते सांगता येत नव्हतं. धूर जावा म्हणून त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि पातेलं घासत बसला.

दुपारी बायको आली. तिने पर्स ठेवली, पातेलं पाहिलं, आणि काहीच आपटलं नाही. हे जास्त वाईट होतं.

"गेली जागा," ती म्हणाली. "विश्वस्तांना बाहेर काढलं मी. हात उचलला गेला. आता उचलला तर उचलला." तो पातेलं घासतच राहिला तशी ती म्हणाली, "अहो, बोला ना काहीतरी. आता कुणाला भ्यायचंय?"

त्याने हात पुसले. तिच्या अगदी कानाशी गेला. जन्मात कधी काढला नव्हता एवढा बारीक आवाज काढून म्हणाला, "तू कायम झालीस."

"अभिनंदन, वहिनी," वरच्या मजल्यावरून कुणीतरी म्हणालं.

"पार्टी कधी?" समोरच्या गॅलरीतून आलं. खालून कुणी टाळ्या वाजवल्या.

बायको वळली. तिने एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या, शेवटचीची कडी नीट बसली का ते पाहिलं, आणि परत येऊन त्याच्यापुढे कान केला.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.