हकीकत काउंटरवर चालून आलेल्या तपासणीची

प्रथम वंदन थर्मामीटरास, जो लहानथोर न पाहता असेल तेच सांगतो. दुसरे वंदन वाचणारांस, जे दवाखान्याच्या बाकावर बसून, मुखपृष्ठे उडालेली मासिके वाचीत शहाणे जाहले. मंडळींची आज्ञा जाहली की, दवाखान्यावर गुणवत्तेची तपासणी चालोन आली तेव्हां कोण लढले, कोण डगमगले आणि कोण खोकले, ते साद्यंत लिहोन काढावे. त्यावरून यथामति लिहिले आहे. कोठे तिखटमीठ लागले असेल तर सोसावे.

गल्लीच्या तोंडाशी, चष्म्याचे दुकान व लाँड्री यांचे मध्ये डॉक्टरसाहेबांचा दवाखाना. हाताला गुण बहुत आणि तोंडी शब्द थोडे, ऐसे ते सत्पुरुष. आंतील खोलीत त्यांचा अंमल. बाहेरील खोलीत मात्र त्यांच्या थोरल्या भगिनी, काउंटरच्या किल्लेदार, ताईसाहेब यांची हुकमत. काच, काचेस अर्धगोल भोक, भोकापलीकडे चष्मा, आणि चष्म्यावरून रोखलेली नजर, ऐसा त्या किल्ल्याचा बंदोबस्त. उपाशीपोटी या म्हटले असता चहाबिस्किटे हाणून येणारा, बरे वाटताच गोळ्या अर्ध्यावर सोडणारा, शेजारणीचे औषध आपणास लागू पडेल म्हणोन घेणारी, ऐसे गुन्हेगार भोकासमोर आले की ताईसाहेब त्यांची जागच्या जागी बिनपाण्याने हजामत करीत. मग नंबर देत आणि पंखा मोठा करीत. डॉक्टरसाहेबांनी थोरल्या बहिणीस उलट शब्द जन्मात बोलिला नव्हता, कारण नंबर नसता त्यांसही आंत सोडतील की नाही याची खातरी नव्हती.

ऐसे असतां आरोग्यखात्याच्या वरिष्ठ दरबारातून खलिता आला. मजकूर की, मागील तपासणीत 'काउंटरवरील भाषा रुग्णांशी अनुचित' ऐसा शेरा पडला आहे, याही खेपेस तोच पडल्यास काउंटरवरील इसम दूर करोन तेथे नंबर देणारे यंत्र बसवावे. डॉक्टरसाहेबांनी तो खलिता सिस्टरबाईंच्या हाती देऊन बहिणीकडे रवाना केला आणि आपण हात धुवावयास गेले. ते पुष्कळ वेळ हात धूत होते.

ताईसाहेबांनी खलिता वाचिला. राग आला असता तर चिंता नव्हती, तो रोजचाच होता. परंतु वाईट वाटले, आणि त्याची सवय नव्हती. दवाखाना उघडला त्या दिवशी भावाने पाटी लाविली आणि बहिणीने खुर्ची मांडिली, तेव्हांपासोन ती खुर्ची हेच त्यांचे घरदार. घरी भाजी निवडीत एकेक चेहरा डोळ्यांपुढे आणिला, की तक्रार कोणी केली असेल. कोणाचे नांव धरवेना. मग मनी आले की सगळीच कंटाळली असतील, तोंडावर बोलत नाहीत इतकेच. तेव्हां ताईसाहेबांनी डोळे पुसले, कांदा नव्हता तरी पुसले, आणि निश्चय केला की तपासणीच्या दिवशी गोड बोलावयाचे. दुसरे दिवशी दवाखान्यातील कपाटाच्या आरशापुढे उभे राहोन "बसा हं" या दोन शब्दांची तालीम केली. सिस्टरबाईंनी ती ऐकिली आणि विचारिले की, दात दुखतो काय.

इकडे रुग्णमंडळींस बातमी लागली की ताईसाहेबांची खुर्ची धोक्यात आहे. तेव्हां केशकर्तनालयात मसलत भरली. निवृत्त पोस्टमास्तर, जे मधुमेहाचे जुने सरदार, ते फिरत्या खुर्चीवर अर्धी दाढी केलेल्या स्थितीत अध्यक्ष जाहले. त्यांनी विचार मांडिला की, शाळेच्या तपासणीस पोरे हुशार दिसावी लागतात, हॉटेलच्या तपासणीस भांडी लख्ख दिसावी लागतात, तस्मात दवाखान्याच्या तपासणीस रोगी निरोगी दिसले पाहिजेत. यात कोणास खोट दिसेना. मग ठराव जाहला की, त्या दिवशी खोकणे बंद, कण्हणे बंद, लंगडणे बंद, आणि ताईसाहेबांविषयी विचारिता सर्वांनी एकमुखाने 'फार गोड बोलतात' म्हणावे. त्या दिवशी येणार ते आजारी म्हणोनच येणार, हा मुद्दा कोणी काढिला नाही.

तपासणीचा दिवस उजाडला. तपासनीसबाई खांद्यास बॅग, गळ्यांत ओळखपत्र, आणि मागे फोटो काढणारा कारकून, ऐशा थाटाने दाखल जाहल्या. पाहातात तो बाकावर सर्व मंडळी इस्त्रीच्या कपड्यांत, ताठ, लग्नाच्या फोटोस बसल्यासारखी. बेकरीवाल्यांचा पाय मुरगळून भोपळा जाहला होता, तो त्यांनी पिशवीआड दडविला होता. शिंपीणकाकूंस दम्याची उबळ येत होती, ती त्यांनी पदर तोंडात कोंबून रोखिली होती. पोस्टमास्तर आदले दिवशी रक्त तपासावयास देऊन गेले होते, ते अहवालासाठी भोकासमोर उभे राहिले.

ताईसाहेबांनी चष्मा सारखा केला, तपासनीसबाईंकडे एक नजर टाकिली, आणि तालमीचे शब्द सोडिले.

"या ना काका. बसा हं. कसं वाटतंय आज?"

इतक्या वर्षांत या भोकातून पोस्टमास्तरांस ऐसी विचारणा जाहली नव्हती. त्यांनी ताडिले की अहवाल वाईट आला, आणि आपण आता फार दिवसांचे सोबती नाही. ते बाकावर येऊन बसले आणि शेजारी बेकरीवाल्यांस दबक्या स्वरात सांगितले की, मुलाला कळवा, आणि कपाटाची किल्ली घड्याळामागे आहे. मग बेकरीवाल्यांचा पुकारा जाहला, त्यांसही "बसा हं" मिळाले, आणि तेही पांढरे पडोन परतले. पायाचे दुखणे माणसाच्या जिवावर बेतते काय, याचा ते विचार करू लागले. ऐसी ती गोड वाणी बाकावरोन पुढे पुढे गेली आणि जेथे पोचली तेथे घबराट जाहली.

मग तपासनीसबाईंनी जाबसाल मांडिला. बेकरीवाल्यांस पुसिले की काय होते आहे, तो उत्तर आले की काही नाही. मग कशास आलात, तो म्हणाले, सहज बसायला. शिंपीणकाकूंनी नुसतीच मान हलविली, कारण तोंड उघडण्याची सोय नव्हती. काउंटरवरील बाई कशा बोलतात म्हणता, बाकी सर्वांनी एकदम आणि एकाच चालीत म्हटले की, फार गोड बोलतात. तपासनीसबाई मुरलेल्या होत्या. त्यांनी असले पाठांतर पुष्कळ ठिकाणी ऐकिले होते. त्यांनी कारकुनास हुकूम केला की, येथे काउंटरवरील इसमाने धडधाकट माणसे पढवून आणिली आहेत ऐसे दिसते, ते टिपावे. डॉक्टरसाहेब गलबला ऐकोन दारापर्यंत आले, दोन्ही हात हवेत धरोन उभे राहिले, आणि परत हात धुवावयास गेले.

ताईसाहेबांनी तपासनीसबाईंचे ते शब्द ऐकिले. आणि त्याच वेळेस काचेतून त्यांस शिंपीणकाकूंचा चेहरा दिसला. तो लाल होता तो जांभळा होऊ लागला होता, आणि ओठ थरथरत होते. ताईसाहेबांस उघड दिसत होते की आता आवाज चढविला तर खुर्ची गेली. यंत्र येईल, त्यातून चिठ्ठी निघेल, आणि आपण घरी भाजी निवडीत बसू. हे सर्व त्यांच्या मनात आले, आणि ते तेथेच टाकोन त्या काउंटराचे फळकूट उचलोन बाहेर पडल्या. चालू दवाखान्यात किल्ला सोडून ताईसाहेब बाहेर आल्याचे कोणाच्या आठवणीत नव्हते.

"काकू, पदर काढा तोंडातला आणि खोका," ताईसाहेब गरजल्या. "जीव गेल्यावर खोकणार आहात का? तुमचा पंप कुठाय? घरी शोकेसमध्ये मांडलाय वाटतं. सिस्टर, मशीन लावा आधी. आणि तुम्ही हो, ती पिशवी उचला पायावरची. एवढा सुजलाय आणि म्हणे सहज बसायला आलो. काका, तुम्ही रडताय कशाला? काही झालेलं नाही तुम्हाला. साखर वाढलीय, कारण परवा बेकरीत उभं राहून क्रीमरोल खाताना मी पाहिलंय तुम्हाला."

हे ऐकताच पोस्टमास्तरांच्या जिवात जीव आला. त्यांनी सर्वांस ओरडोन सांगितले की, ताई रागावल्या, म्हणजे मी वाचलो. आणि शिंपीणकाकूंनी पहिला खोकला सोडिला. तोफेस बत्ती दिली ऐसे जाहले. सकाळपासोन दाबून धरिलेले सर्व खोकले, शिंका, उसासे आणि 'आई गं' एकदम सुटले. दुरून कारकूनही शिंकला. सिस्टरबाईंनी काकूंस वाफेचे यंत्र लाविले, आणि थोडक्याच वेळात काकूंचा रंग पालटोन मूळपदावर आला.

दणदणाट ओसरला तेव्हां तपासनीसबाईंनी पोस्टमास्तरांस पुसिले की, या बाई रोज ऐशाच बोलतात काय, आणि खरे सांगावे.

"रोज," पोस्टमास्तर म्हणाले. "मागच्या खेपेला आम्हीच तुमच्या माणसाला सांगितलं होतं, की ताई फार ओरडतात म्हणून. चांगलंच सांगितलं होतं की. माझा मुलगा लांब असतो. फोनवर म्हणतो, काळजी घ्या बाबा. मी गोळी घेतली की नाही म्हणून माझ्यावर ओरडणारं माणूस ही एकच आहे."

ताईसाहेब तशाच पाठ फिरवोन काउंटरमागे गेल्या आणि खाली वाकोन काहीतरी शोधू लागल्या. तेथे शोधण्यासारखे काही नव्हते. डॉक्टरसाहेब पाण्याचा ग्लास घेऊन आले आणि, ताई, म्हणाले. त्यावर त्यांस ओल्या आवाजात हुकूम मिळाला की, माणसं खोळंबलीत आणि तू पाणी काय वाटत फिरतोस, आत जा. ते आनंदाने आत गेले.

येणेप्रमाणे तपासणीची मोहीम फत्ते जाहली. ताईसाहेबांची खुर्ची कायम राहिली आणि यंत्राचे काम रहित जाहले. रुग्णांपैकी कोणी पडले नाही, एक पाय जायबंदी होता तो आधीचाच. तपासनीसबाईंनी जाता जाता भोकासमोर उभे राहोन आपल्या हाताने शेरा लिहिला, तो शब्दशः उतरोन येथे नोंदिला आहे, की पुढील तपासणीस आलेल्यांनी फेरफार करू नये: 'काउंटरवरील भाषा कठोर आहे. गोड केल्यास रुग्ण घाबरतात. आहे तशीच ठेवावी.'