भाजणाऱ्यासाठी टाळ्या

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती शोधून काढायला मला सबंध हिवाळा लागला. टाळ्या मांस विकत घेणाऱ्याला पडत नाहीत. त्या भाजणाऱ्याला पडतात. महागाईवर इतका सोपा उपाय आमच्या तेम्पेर्ले गावात दुसऱ्या कुणाला सुचला नाही, तो मला सुचला, आणि ह्याचा मला फार अभिमान होता. रविवारी दुपारपर्यंत होता.

आमच्या वस्तीत माणसाची पत त्याच्या धुरावरून ठरते. रविवारी सकाळी घरामागून धूर निघाला, की समजायचं माणूस अजून पायावर उभा आहे. नाही निघाला, की शेजारी हळूच विचारतात, "तब्येत बरी आहे ना?" इथे लोकांनी काय काय सोडलं! मी वर्तमानपत्र सोडलं, फुटबॉल दाखवणारी वाहिनी सोडली, एक दात बसवायचा होता तो पुढच्या सरकारवर ढकलला. माझा मित्र ओरासियो, ज्याला आम्ही सगळे जाड्या म्हणतो, तो सामन्याचं तिकीट परवडावं म्हणून आठवडाभर बस सोडून पायी फिरतो. तरी जाड्याच राहिलाय. पण रविवारचा आसादो, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचं जेवण, कुणी सोडत नाही. आधी घराचे पत्रे विकतील, मग कोळसा बंद करतील.

माझा धूर नेलिदा गेल्यापासून बंद होता. नेलिदा माझी बायको. टाळ्यांची सुरुवात ती करायची. सगळ्यांचा पहिला घास झाला की कुणीतरी म्हणायचं असतं, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या," आणि बाकीच्यांनी वाजवायच्या. आमच्याकडे हे होतंच. ती सॅलड कालवून बसलेली असायची, हाताला तेल. तिच्या टाळीचा आवाज ओला यायचा. मांस करपलेलं असलं तरी ती वाजवायची, आणि न वाजवणाऱ्याकडे बघायची.

ती गेल्यावर आमचे रविवार एवारिस्तोकडे गेले. एवारिस्तो माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणजे त्याचा हेवा करायला मला भरपूर वेळ मिळालाय. त्याचे केस जागेवर आहेत. गुडघे जागेवर आहेत. बायको जागेवर आहे. त्याचं लिंबाचं झाड बारा महिने लिंबं देतं, माझं सावलीसुद्धा विचार करून देतं. त्याचा धूर सरळ वर जातो, जसा काही वर त्याची ओळख आहे. माझा कायम पाहुण्यांच्या डोळ्यांत. आणि दर रविवारी त्याची बायको क्लेलिया टाळ्या सुरू करायची, तो चिमटा उंच धरून म्हणायचा, "पुरे, पुरे." पण दोन 'पुरे'च्या मध्ये जरा थांबायचा, म्हणजे आणखी पडाव्यात. मीही वाजवायचो. सगळ्यांपेक्षा जोरात. हा आल्दो, म्हणजे मी, जळतो असं कुणी म्हणायला नको.

तर गेले दोन रविवार एवारिस्तोनं पोट बिघडल्याचं कळवलं. मी लगेच ठरवलं, ह्या रविवारी माझ्याकडे. एकदा तरी त्या टाळ्या माझ्या अंगणात पडल्याच पाहिजेत.

अडचण मांसाची होती. आमच्या खाटकाकडे भाव खडूनं पाटीवर लिहितात, आणि हल्ली खाटीक एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं घेऊनच उभा असतो. मी बरगड्यांचा भाव विचारला, तर त्यानं मला आधी बसायला खुर्ची दिली. मी खुर्चीवर बसलो, घाम पुसला आणि कोळसा घेऊन घरी आलो.

पण उपाय तयार होता. टोपलीचं जेवण. म्हणजे ज्यानं त्यानं आपल्या टोपलीतून काहीतरी आणायचं. मांस त्यांचं, विस्तव माझा, टाळ्या माझ्या.

मी जाड्याला फोन केला. "रविवारी माझ्याकडे ये."

"तू धूर काढणार? अरे म्हाताऱ्या, जाळी गंजली असेल तुझी."

"घासली. टोपलीचं जेवण आहे."

"मग काय आणू?"

आता इथे 'मांस आण' असं म्हणायला कुणाची जीभ वळेल? मी म्हटलं, "तुला वाटेल ते आण रे. नाही आणलंस तरी चालेल."

"म्हणजे सगळं आहे?"

"आहे की."

शेजारच्या दोन्या इर्मांना, म्हणजे आमच्या इर्माबाईंना, भिंतीवरून सांगितलं. त्या म्हणाल्या, "काही हवंय का? संकोच करू नका." मी संकोच केला.

एवारिस्तोला शेवटी फोन केला. तो म्हणाला, "बाकीचं तू बघितलंयस ना सगळं?"

"तू फक्त भूक घेऊन ये," मी म्हणालो.

हे वाक्य माझ्या तोंडून का गेलं ते मला अजून कळलेलं नाही. एवारिस्तोशी बोलताना माझा आवाज आपोआप श्रीमंत होतो. पण मला काळजी नव्हती. मी त्याला ओळखतो. मला कमी दाखवायला तो बरगड्यांची अख्खी पट्टी आणणार, आणि ती पट्टी माझ्याच जाळीवर भाजली जाणार. ह्या विचारानं मला दोन रात्री छान झोप लागली.

रविवारी सकाळीच वीज गेली. डिसेंबरात, आमच्या ऐन उन्हाळ्यात, ती जातेच. पंखा बंद, फ्रिज बंद, दारावरची घंटा बंद. मला त्याचं काय? निखाऱ्याला वीज लागत नाही. मी फाटक उघडं टाकलं, अंगणात टेबल लावलं आणि विस्तव पेटवला. धूर निघाला. गल्लीतून जाणाऱ्या एकानं वर बघून टोपी काढली.

पहिला जाड्या आला. हातात मोठं पातेलं. मी झाकण उघडलं. लेट्यूस आणि टोमॅटो.

"तुला काय वाटलं, मी रिकाम्या हातानं येईन?" तो म्हणाला.

मग दोन्या इर्मा आल्या. बटाटा, अंडी आणि मेयोनेजचं सॅलड. वर ऑलिव्हची फुलं काढलेली. "मांसाबरोबर हे असावंच लागतं," त्या म्हणाल्या.

मी हसलो. अजून एवारिस्तो यायचा होता.

तो आला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. त्यानं आणि क्लेलियानं मिळून एक भलीमोठी थर्मोकोलची पेटी आणली होती, दोन्ही बाजूंनी धरून, मधे दोनदा थांबत. एवारिस्तो लाल झाला होता. पेटीवर ओला टॉवेल. अर्ध्या गाईखेरीज एवढं जड दुसरं काय असतं?

"सावलीत ठेव," तो धापा टाकत म्हणाला, "आणि उगाच उघडू नकोस."

मी ती लिंबाच्या झाडाखाली ठेवली, आदरानं, जशी तान्ह्या मुलाची टोपली ठेवतात. उघडली नाही. पाहुण्याचं मांस आल्या आल्या बघणं हावरटपणाचं दिसतं. मी निखारे पसरत राहिलो आणि मनातल्या मनात पट्टीचे तुकडे केले. हाडाची बाजू आधी खाली. मीठ शेवटी.

निखारे लाल झाले. मी हात पुसले आणि सगळ्यांसमोर टॉवेल उचलला.

पेटीत बर्फ होता. काठोकाठ बर्फ, आणि त्यात सोड्याच्या बाटल्या.

"बर्फ!" दोन्या इर्मा ओरडल्या. "ह्या उकाड्यात! वीज नसताना!"

"मिळवला कुठून?" जाड्यानं विचारलं.

"ओळख लागते," एवारिस्तो म्हणाला.

दोन्या इर्मांनी एक तुकडा मानेवर लावला आणि डोळे मिटले. जाड्यानं दोन तोंडात टाकले. सगळे एवारिस्तोकडे असे बघत होते, की आता टाळ्या पडतात की काय अशी मला भीती वाटली. माझ्या अंगणात, माझ्या विस्तवासमोर, पाण्यासाठी ह्या माणसाला टाळ्या! मी घाईनं एक बाटली उघडून सगळ्यांचे हात गुंतवले.

"मांस कधी टाकतोस?" क्लेलियानं विचारलं.

"निखारा अजून तयार नाही."

मी कोळसा वाढवला. थोड्या वेळानं पुन्हा वाढवला. लोकांनी पाव संपवला, मग जाड्यानं पावाची टोपली उलटी करून चुरा खाल्ला. माझ्याकडचा विस्तव तोवर असा झाला होता, की त्यावर घोडा भाजला असता. घोडाच तेवढा नव्हता.

मग एवारिस्तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, टेबलाकडे पाठ करून.

"आल्दो. मांस कुठाय?"

"तू आणणार होतास."

"तूच म्हणालास, भूक घेऊन ये."

"अरे, म्हणायचं असतं ते."

त्यानं चिमट्यानं एक निखारा उलटवला. मग हळूच म्हणाला, "माझं पोट काही बिघडलं नव्हतं. खाटकाकडे गेलो होतो. त्यानं मला खुर्ची दिली."

मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी त्या खुर्चीवर बसलो तेव्हा मला घाम फुटला होता, ह्याला नक्की ती शोभून दिसली असणार. ह्या माणसाचं कबूल करणंसुद्धा माझ्यापेक्षा देखणं.

"कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला.

"जा, बस तिकडे. आणि हसत राहा."

मी स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजमध्ये भोपळी मिरच्या होत्या, अंडी होती, चीजचा एक तुकडा होता. कपाटाखाली कांदे आणि बटाटे. मी सगळं परातीत घातलं आणि पाहुण्यांना पाठ दाखवत जाळीपाशी आलो. मिरच्या उभ्या चिरून होड्या केल्या, प्रत्येक होडीत एक अंडं फोडलं, वर चीज. कांदे सालीसकट. बटाटे थेट निखाऱ्यात. वरून एक जुना पुठ्ठा झाकला.

"पुठ्ठा कशाला?" जाड्या ओरडला.

"वाफ धरायला. माझी पद्धत आहे."

"वास कांद्याचा येतोय."

"येणारच. तू कांद्याच्या बाजूला बसलायस."

पुठ्ठा जरा उचलून बघितलं तर अंडी घट्ट होत होती. मिरच्यांच्या कडा काळ्या पडायला लागल्या. चीज फुगलं. मी लाकडी फळीवर सगळं रचलं, भरपूर मीठ टाकलं, आणि छाती पुढे काढून टेबलाकडे निघालो. एखाद्यानं अख्खा बोकड आणावा तसा.

फळी टेबलावर ठेवली. दोन्या इर्मांनी फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग चष्मा काढून पुन्हा फळीकडे. जाड्या कांदा उचलून खाली काही दडलंय का ते बघत होता. एवारिस्तोनं मात्र मुकाट्यानं एक मिरची ताटात घेतली, कापली, खाल्ली.

आणि टाळ्या पडल्या.

माझ्या पाठीमागून, मोठ्या, ठाम, एका लयीत. मी डोळे मिटले, छातीवर हात ठेवला आणि मान लववली. म्हटलं, "अरे, कशाला एवढं. साधंच आहे. ही असती तर हिनं लिंबू पिळलं असतं वरून." टाळ्या थांबेनात. मी म्हटलं, "पुरे, पुरे," आणि मधे जरा थांबलो. आणखी पडल्या. मी दुसऱ्या बाजूलाही लवलो.

डोळे उघडले तर टेबलावरच्या सगळ्यांचे हात काट्या-सुऱ्यांवर होते.

"आल्दो," क्लेलिया अगदी हळू म्हणाली, "फाटकावर कुणीतरी आलंय."

घंटा बंद होती ना. आमच्याकडे घंटा नसली की लोक, फाटक उघडं असलं तरी, बाहेर उभे राहून टाळ्या वाजवतात. मागच्या गल्लीतली एक बाई होती. खांद्यावर चादर, चादर एका बाजूनं राखाडी.

"किती वेळ वाजवतेय मी," ती म्हणाली. "हात भाजले माझे. तुमच्या धुरानं सगळी धुतलेली कापडं काळी केली. घरात कुणी ऐकत नाही का?"

"ऐकलं," मी म्हणालो.

"मग आला का नाहीत?"

आता तिला काय सांगणार? मी चादर ठेवून घेतली, धुवून देतो म्हटलं. मग विचारलं, "जेवायला येता? बर्फ आहे."

ती आली. तिनं दोन मिरच्या खाल्ल्या. जाड्यानं चार. एवारिस्तोनं किती खाल्ल्या ते मी बघितलं नाही, पण तो प्रत्येक मिरची उलटीपालटी करून बघत होता, अंडं किती घट्ट झालंय, चीज कुठवर आलंय. मला वाटलं, बिचारा भुकेला आहे. टाळ्या काही पडल्या नाहीत. माझ्या लवण्यावर हसण्याच्या भरात सगळे विसरले.

पुढच्या रविवारी त्याचं पोट बरं झालं. त्याच्याकडे बोलावलं. त्यानं मिरच्यांत अंडी भाजली. पुठ्ठासुद्धा झाकला. वरून त्याच्या झाडाचं लिंबू पिळलं. धूर सरळ वर गेला. पहिला घास झाला आणि क्लेलिया म्हणाली, "भाजणाऱ्यासाठी टाळ्या."

सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या. दोन बोटांनी.