दत्ताअण्णांचा लाल टॅग

एका सकाळी आमच्या इमारतीच्या लिफ्टला लाल टॅग लटकत होता. ‘रिजेक्ट. दार बंद होताना डावीकडे घासतं. तपासणारा : द. रा.’ लिफ्ट चालू होती, माणसं खुशाल वर-खाली करत होती. पण दुसऱ्या मजल्यावरच्या दत्ताअण्णांच्या लेखी ती मेलेली होती.

अण्णा सरकारी विमान कारखान्यात तेहतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, टॅग बांधायचा. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे दुरुस्त करून पुन्हा आणा, लाल म्हणजे भंगार. निवृत्तीला काय हवं असं विचारलं, तर यांनी टॅगांचा गठ्ठा मागितला. तेव्हापासून बंगळुरातल्या आमच्या के. आर. पुरमची तपासणी चालू आहे. कोपऱ्यावरच्या हॉटेलातल्या इडलीला पिवळा मिळाला : ‘मध्ये स्वल्प कच्ची.’ मालक आधी भडकला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बशी घेऊन टेबलाशी उभा राहिला. ‘‘अण्णा, आता बघा.’’

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि नागरिकांच्या एका संघटनेसाठी पत्रकं काढते. फुटपाथ, बसथांबा, तळं. जिथे अन्याय तिथे आमचं पत्रक. पहिलंच पत्रक अण्णांच्या हातात दिलं, तर त्यालाही पिवळा! ‘आवाज जास्त, मापं कमी.’ आता त्यांना दाखवल्याशिवाय मी काही छापत नाही. हे आमच्या संघटनेत कुणाला माहीत नाही.

साठीनंतर अण्णा विमान चालवायला शिकले. ‘‘इतकी वर्षं दुसऱ्यांची विमानं पास केली. म्हटलं, एकदा बसून तरी बघू.’’ त्यांच्या पत्नी कमलअक्का गेल्या, त्याला चार वर्षं झाली. त्यानंतर तर त्यांचा आठवडा रविवारीच उजाडायचा. फ्लाइंग क्लबातलं दोन माणसांचं चिमुकलं विमान, खाली शेतं, आणि शेजारच्या सीटवर डबा.

आणि हे कशावर अडलं? कागदावर! हौशी वैमानिकाला तब्येतीचं प्रमाणपत्र यादीतल्या ठरावीक डॉक्टरांनीच द्यायचं असा नियम. यादी एवढीशी, रांग महिनोन्महिने. तारीख मिळेपर्यंत जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अण्णांचे रविवार गेले. मी पेटले. पत्रकं काढली, क्लबातल्या झाडून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, साहेबलोकांच्या दारात ठाण मांडलं. शेवटी नियम बदलला : छोट्या विमानांच्या हौशी वैमानिकांनी तब्येतीची प्रश्नावली स्वतः भरावी, स्वतःच्या सहीनं द्यावी. बदलला ते योग्यच झालं, हे मी आजही ठासून सांगते.

मी म्हैसूरपाक घेऊन खाली धावले. टेबलावर प्रश्नावली भरून तयार होती. तिच्या कोपऱ्याला भोक पाडून लाल टॅग बांधलेला.

‘‘हे काय, अण्णा?’’

‘‘सहावा प्रश्न वाच, पुढारी.’’

‘गेल्या वर्षभरात कधी भोवळ आली का?’ पुढे त्यांच्या सुबक अक्षरात : ‘होय.’

‘‘कधी?’’

‘‘तीन आठवडे झाले. स्वयंपाकघरात. किती वेळ पडलो होतो ते नक्की सांगता येत नाही. चहाचं आधण दोन कप ठेवलेलं, उठलो तेव्हा अर्धा कप उरलेलं. वीस मिनिटं धर.’’

‘‘दोन कप कशाला?’’

‘‘सवय.’’

मी हादरले, आणि हादरले की मला राग येतो. ‘‘मला हाक का नाही मारली?’’

‘‘बेशुद्ध माणूस हाक कशी मारणार गं?’’

‘‘नंतर!’’

‘‘नंतर उठलोच होतो की.’’

‘‘मग हे लिहिलंत कशाला? कुणाला कळणार होतं? तिथे कुणी नव्हतंच!’’

‘‘नव्हतंच,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हणून तर लिहावं लागलं. यादीतला डॉक्टर असता, तर मी गप्प बसलो असतो. पकडणं त्याचं काम. तुम्ही लोकांनी तपासायचं काम माझ्यावरच टाकलंत. माझ्या सहीवर खोटा माल कधी गेला नाही.’’

मग त्यांनी पेन्सिल माझ्यापुढे सरकवली. ‘‘रिजेक्टला दुसरी सही लागते. कारखान्याचा नियम. घरात दुसरं आहे कोण? तूच कर.’’

मी सही केली नाही. गठ्ठ्यातून पिवळा टॅग काढला, त्यावर लिहिलं, ‘दुरुस्त करून पुन्हा आणणे’, आणि तो अण्णांच्या शर्टाच्या बटणाला बांधला.

‘‘उद्या दहा वाजता डॉक्टरकडे. मी येतेय बरोबर. आणि सकाळचा चहा दोन कपच ठेवा.’’

अण्णांनी चष्मा लावला. टॅग उचलून उलटसुलट वाचला. ज्या नजरेला आमची अख्खी इमारत टरकते, ती नजर अक्षरा-अक्षरावरून फिरली.

‘‘सरी, ठीक आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पण तारीख राहिली.’’

आणि मला नीट लिहिता यावं म्हणून, श्वास रोखून, अजिबात न हलता उभे राहिले.