गडमुडशिंगीकरांची प्रीमियम मोहीम

करवीर प्रांती आई अंबाबाईचे छत्र अखंड असता, रस्त्यांतील खड्डे आपापले जागी कायम असता, आणि रयत दोन परींचे पेट्रोल भरोन एकाच वाहतुकीत एकाच वेगाने खोळंबली असता, जे थोर भांडण मौजे गडमुडशिंगी येथे उपजले आणि गगनबावड्याचे घाटमाथ्यावर निवाड्यास आले, त्याची हकीकत येथे यथास्थित लिहितो. वाचणाराने हसू आल्यास आवरावे, कारण प्रकरण एका संसाराचे होते.

मौजे मजकुरी विश्वजितराव म्हणोन मातबर गृहस्थ. जमिनीचे खरेदीविक्रीत मध्यस्थी हा पेशा, घरचा ऊस, आवाज खणखणीत, आणि मत एकदा बसले म्हणजे तोफ डागूनही हलणे नाही. त्यांचे पदरी एक छोटी पांढरी मोटार होती. मातोश्रींस दवाखान्यात नेणे, गिऱ्हाइकास प्लॉट दाखविणे, आठवड्याचा बाजार आणणे, इतकीच तिची चाकरी. परंतु रावसाहेब तीस प्रीमियमखेरीज दुसरे पेट्रोल दाखवीत नसत. पंपावर जाऊन काच खाली करीत आणि अवघी रांग ऐकेल ऐसे फर्मावीत, "प्रीमियम घाल रं!" आणि मग आरशातून मागील गाड्यांकडे ऐसे पाहात, जैसा सरदार पायदळाकडे पाहतो. चाकांत हवा कमी असे, हवेचा फिल्टर धुळीने बुजला असे, ते पाहण्यास सवड नसे. पंपावरही त्यांचा मोठा मान. ज्याचा दर चढा त्याचा गुण चढा, ही समजूत ज्या गिऱ्हाइकाने उराशी धरली, त्याचा मान कोणता व्यापारी न ठेवील?

त्यांचे कुटुंब संयोगिताबाई, माहेर कागल. कागलकडील एका तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवीत. सकाळी मोटार बाईंकडे, दुपारनंतर रावसाहेबांकडे, ऐसी वाटणी होती आणि घर सुखाने चालले होते. तो एके दिवशी बाईंनी पंपावर थांबोन साधे पेट्रोल भरले, आणि रांगेतील कोणी हितचिंतकाने ती खबर बाईंचे आधी घरी पोहोचविली. रावसाहेब संतप्त जाहले आणि अंगणातच जबाब मागितला.

"साधं भरलंस व्हय? घोड्याला पेंड सोडून भुस्सा घातलास की!"

बाई शांतपणे बोलल्या, "अहो, ज्या इंजिनात दाब जास्त असतोय, त्याला प्रीमियम लागतंय. न्हाईतर ते आतनं खडखड ठोकतंय. आपली गाडी साध्यावर चालायलाच बनवल्याली हाय. तिला त्याचा काय उपयोग न्हाय."

"साध्यात उसाचं पाणी, त्ये इथेनॉल, मिसळत्यात, ठावं हाय का?"

"ऊस तुमचाच जातोय की कारखान्याला."

हे उत्तर रावसाहेबांचे वर्मी लागले. मग त्यांनी भर अंगणात, मातोश्री आक्कासाहेब आणि शेजारपाजार यांचे समक्ष हुकूम सोडिला की, जो साधे भरील त्याने किल्लीस हात लावू नये. आणि किल्ली आपले खिशात घातली.

दुसरे दिवसापासोन बाई एसटीने जाऊ लागल्या. फाट्यावर तिष्ठत उभे राहावे, गाडी आली तर जागा नाही, जागा मिळाली तर वेळ टळलेली. वर्गात पोहोचत तो पोरे बाकांवर बसोन हजेरीची वाट पाहात, आणि खात्याचे प्रमुख भिंतीवरील घड्याळाकडे पाहात. ते पाहणे बाईंस फार लागे. शिकवीत होत्या इंजिन, आणि स्वतःचे घरच्या इंजिनाची किल्ली हाती नाही, हा सल मनी राहिला. रडल्या नाहीत. मसलत केली.

बंधू सम्राटराव कागलास राहात. त्यांची मोटारही त्याच जातीची, त्याच साली घेतलेली. दोघी एकत्र उभ्या केल्या तर पाटी वाचल्याखेरीज ओळखू न याव्यात. रविवारी सम्राटराव बहिणीकडे जेवावयास आले, आणि तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी रिचवोन बाईंनी शिकविल्याप्रमाणे विषय काढिला, "दाजी, खरं सांगा, डोळे झाकून वळखाल काय प्रीमियम?"

रावसाहेबांनी मांडी ठोकिली. "डोळं कशाला, नुसत्या पायाला कळतंय मला! अ‍ॅक्सिलेटर बोलतोय माझ्याशी."

तेव्हा बाईंनी करार मांडिला. दोन्ही मोटारींच्या टाक्या रिकाम्या होईतो चालवाव्या, आणि पंपावर काय भरले ते आपण कोणास सांगणार नाही. रावसाहेबांनी दोन्ही घेऊन घाट चढावा आणि कोणती कशावर चालली ते सांगावे. बरोबर निघाल्यास आपण जन्मभर एसटीने जाऊ. चुकल्यास किल्ली आपली आणि पेट्रोलही आपले पसंतीचे. आक्कासाहेबांस पंच नेमिले. रावसाहेबांनी जेवणाचा हात धुतला नाही तोच होकार दिला.

मग टाक्या रित्या करोन पुढील सुटीस स्वारी निघाली. पंपावर रावसाहेबांस पाठ फिरवोन चहाचे गाड्यापाशी उभे केले. गगनबावड्यास पोहोचले तो धुके ऐसे दाटले होते की पुढील म्हैसही हॉर्न वाजवल्याखेरीज दिसेना. तेथून कोकणचे अंगास घाट उतरावा आणि पुन्हा वर चढावा, ऐसा बेत ठरला. बाई आणि सम्राटराव घाटमाथ्यावर थांबले. पंच आक्कासाहेब मागील आसनी शाल गुंडाळोन बसल्या.

आता रावसाहेबांचे मनी खलबत चालले. त्यांणी विचार केला की, बायको हुशार आहे, सरळ कसे करील? माझे मोटारीत साधे घातले असेल आणि प्रीमियम मेव्हण्याचे मोटारीत. ही अटकळ एकदा मनी बसली, आणि तिजवरोन पाय बोलू लागला.

प्रथम आपली पांढरी घेऊन चढले. पहिल्याच वळणापासोन रावसाहेब हळहळू लागले. "आई, बघ, दम लागलाय हिला. थरथरत्या बघ. माझीच गाडी, पर आज निव्वळ गाढव!" आक्कासाहेबांसही मग मळमळू लागले आणि कपाळ दुखू लागले. मग सम्राटरावांची मोटार घेतली. तीच वळणे, तोच चढ, आणि रावसाहेब गाऊ लागले. "ह्येला म्हणत्यात पिकअप! लोण्यागत चाललीया!" आक्कासाहेब निर्धास्त झोपी गेल्या आणि माथ्यावर जागे करावे लागले. त्यांणी उतरताच निर्वाळा दिला की ही मोटार फार चांगली, पोटातले पाणी हलले नाही.

रावसाहेबांनी कमरेवर हात ठेवोन निवाडा जाहीर केला. आपले मोटारीत साधे, मेव्हण्याचे मोटारीत प्रीमियम. वर म्हणाले, "असा कावा करणार हे मला ठावंच होतं. पर पायाला फसवता येत न्हाय!"

बाईंनी पदर खोचला आणि सांगितले, "दोन्हीत साधंच हाय."

धुक्यात चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा फरफरत होता. सम्राटरावांनी पंपावर काढिलेली चित्रफीत मोबाइलवर पुढे धरिली. दोन्ही मोटारी, एकच नळी. रावसाहेब एकदा मोबाइलकडे, एकदा पांढऱ्या मोटारीकडे पाहात राहिले, जिला त्यांणी अवघ्या घाटभर गाढव म्हटले होते. आक्कासाहेब हळूच बोलल्या, "मग माझं डोस्कं कशानं दुखलं?"

रावसाहेब कठड्याशी जाऊन दरीकडे तोंड करोन उभे राहिले. खाली काही दिसत नव्हते, तरी पाहात होते. बाई चहाचा कप घेऊन गेल्या. रावसाहेबांनी विचारिले, आणि या वेळी आवाज खणखणीत नव्हता, "मग इतकी वर्सं मला जे जाणवत हुतं, ते काय हुतं गं?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही गाडी चांगली चालवताय, ते."

ऐसा मार तोफेनेही झाला नसता. रावसाहेबांनी चहा घेतला, अर्धा सांडला, आणि खिशातून किल्ली काढोन बाईंचे हाती दिली. परंतु मोठे लोक एका पराभवाने बदलत नाहीत. परतीचे वाटेस कळे गाव येईतो त्यांणी तीन वेळा सांगून पाहिले की जुने प्रीमियम इंजिनाचे अंगात मुरले असल्याने मोटार साध्यावरही चालली. बाई गाडी चालवीत होत्या. त्यांणी दर वेळी फक्त गिअर बदलला.

सोमवारी बाई मोटार घेऊन निघाल्या. रावसाहेबांस कागलकडे गिऱ्हाईक भेटावयाचे होते, ते शेजारील आसनी बसले. वाटेत मोटार पंपावर लागली. तेथील गड्याने ओळखीने नळी उचलली आणि अदबीने पुसले, "साहेब, नेहमीचंच प्रीमियम की?"

मागे रांग लागली होती. रावसाहेबांनी काच खाली केली, घसा साफ केला, रांगेकडे एकवार पाहिले आणि अगदी हळू बोलले, "साधं घाल. आन् चाकांत हवा बघ जरा."

पंपावरील एक गिऱ्हाईक इतके उणे जाहल्याने कोणाचे राज्य बुडाले नाही. त्याच घटकेस पलीकडील रांगेत एक छोटी लाल मोटार आली, काच खाली झाली, आणि "प्रीमियम!" ऐसी गर्जना उठली. तथापि गडमुडशिंगीचे एका घरी हा विषय कायमचा मिटला, बाई वेळेवर वर्गात पोहोचल्या, आणि घाटाची फत्ते संयोगिताबाईंचे नावे दाखल जाहली. पाहिले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. इति गगनबावडा मोहिमेचा मजकूर समाप्त.