तवा विकायचा नाही

‘जोवर आनंदराव जागा आहे, तोवर नागपुरातल्या गुन्हेगाराला झोप नाही.’

हे वाक्य माझ्या नवऱ्याचं, माझ्या नवऱ्याबद्दल. त्यांनी ते पुठ्ठ्यावर लिहून दाराला आतल्या बाजूनं लावलंय; बाहेर लावलं तर गुन्हेगार सावध होतील. खाली असंही लिहिलंय, की त्यांची नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची. हे सगळं प्राणिसंग्रहालय रोज सकाळी डबा घरी विसरून ऑफिसात जातं. आजवर त्यांनी तीन प्रकरणं सोडवली. तिन्हींत स्वतःचीच छत्री सापडली. मी त्यांची सहायक. पगार नाही, आणि कडेवर आठ महिन्यांची गोपिका.

चौथं प्रकरण यंदाच्या, म्हणजे चौऱ्याहत्तर सालच्या एप्रिलातलं, एका रविवारचं.

माझे वडील, नाना, उमरेडला मास्तर होते. जाताना माझ्यासाठी चावीचा ग्रामोफोन आणि शे-सव्वाशे तबकड्या ठेवून गेले. आमच्या दोन खोल्यांत त्या पलंगाखाली, कपाटावर, पिठाच्या डब्यामागे अशा वर्षभर राहिल्या. मग गोपिका रांगायला लागली. एक तिनं चावली, एक फोडली, आणि चार नागपूरच्या उन्हानं पापडासारख्या वाकवल्या. जिथं नीट वाजतील तिथं जाऊ देत, असं मी मनाशी ठरवलं. मुलीला सासरी धाडताना आईनं ठरवावं तसं. सदर बाजारातले जुन्या रेकॉर्डींचे व्यापारी ताराचंदजी दुपारी एक वाजता न्यायला येणार होते.

एक मात्र द्यायची नव्हती. अंगाईची. ती लावून नाना मला झोपवायचे, आणि गोपिकाही दुसऱ्या कशानं झोपत नाही. मधे एका जागी सुई अडकते, आणि गाणारी बाई ‘नीज गं, नीज गं’ म्हणतच राहते. तिथं बोटानं हलकेच पुढं सरकवायचं. नाना सरकवायचे, आता मी सरकवते.

नाना तबकडीला तवा म्हणत. “तवा फिरला की गाणं फुगतं,” असं त्यांचं. माझ्याही तोंडात तोच शब्द बसलेला. म्हणून सकाळीच मी सासूबाईंना सांगून ठेवलं, “आई, तो तवा तेवढा जपून ठेवा हं. विकायचा नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं, पण “बरं” म्हणाल्या.

बारा वाजता अंगाईचं पाकीट उघडलं, तर रिकामं. बाकी सगळी पाकिटं चाळली, कुठंच नाही. मी पलंगाखाली वाकून शोधू लागले. यांच्या डोळ्यांत मात्र दिवाळी.

यांनी ग्रामोफोनच्या बंद झाकणावर वही ठेवली, चहाचा कप ठेवला, कोपर टेकलं आणि तपास सुरू केला.

“माझं भिंग कुठाय?”

“तुमच्याजवळच असेल.”

“नाही. म्हणजे चोरानं भिंगही नेलं. चोर मला ओळखतो.” यांनी वहीत लिहिलं. “संशयित पहिला, वाळवी.”

“वाळवी पाकीट ठेवून तबकडी खाते?”

“हुशार वाळवी. बरं, संशयित दुसरी, शेजारची वच्छला. काल ती हीच अंगाई गुणगुणत होती. चोरीचा माल तिच्या तोंडात आहे.”

“आठ महिने भिंतीपलीकडून ऐकून राहिली ती बिचारी. दुसरं काय गुणगुणेल?”

“मग तिसरा, खुद्द ताराचंद.”

“तुम्ही स्वतः?”

“तपास करणारा संशयित नसतो,” हे म्हणाले. “नियम आहे.”

एवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. “पोया नाही होत आज. भातच खा गा. तवा नाही जाग्यावर.”

हे ताडकन उठले. “दोन्ही वस्तू काळ्या. दोन्ही गोल. शहरात टोळी आली आहे. आता स्कूटरची टायरं जातील, बघ.”

“कोनाची टोळी?” सासूबाई पदराला हात पुसत आल्या. “म्याच ठेवला तवा. सूनबाईनं सांगतलं ना, जपून ठेवा. पेटीत घालून कुलूप लावलं.”

माझा जीव भांड्यात पडला. पेटी उघडली. नव्या लुगड्याच्या चार घड्यांतून जपून बाहेर निघाला तो आमचा पोळ्यांचा लोखंडी तवा.

“मले वाटलं, बाप्पा, हे पोरगी तवा काहून विकून राहिली,” सासूबाई म्हणाल्या. “पन विकायचा नाही म्हनलं, तर बरंच वाटलं.”

मला हसू फुटलं आणि त्याच्यातच रडू. तेवढ्यात एक वाजला आणि ताराचंदजी दारात उभे राहिले. पोती आणलेली, रिक्षा बाहेर थांबलेली.

“भाभी, एखादी वाजवून तर पाहू,” ते म्हणाले. त्यांनी ग्रामोफोनवरची वही उचलली, कप उचलला, यांचं कोपर उचललं, आणि झाकण उघडलं.

आत अंगाईची तबकडी होती. तिच्यावर यांचं भिंग.

मी यांच्याकडे पाहिलं.

“काल रात्री तू दमून झोपली होतीस,” हे हळू आवाजात म्हणाले. “गोपी उठली. तुला कशाला उठवायचं, म्हणून मी लावली. नाव वाचायला भिंग घेतलं होतं.”

“मग?”

“मग ती झोपली असावी. माझ्या आधी की नंतर, ते आठवत नाही.”

हत्ती मान खाली घालून उभा होता. त्याला काय बोलणार?

पण ताराचंदजींनी भिंगातून तबकडी पाहिली आणि त्यांचा चेहराच बदलला. “असली माल तर हा आहे, भाभी. ही द्यायची, तर बाकीचं नेतो. नाही तर राहू द्या.”

मी गोपिकाला घट्ट धरलं. यांनी वही उघडली, मिटली.

सासूबाई पुढं झाल्या. हातात अजून तवा होताच. ग्रामोफोनला वर्षभर ‘कटकट्या’ म्हणणारी ही बाई.

“हे पाहा भाऊ, तवा विकायचा नाही. चूल या तव्याबिगर चालत नाही, अन् पोरगी त्या तव्याबिगर निजत नाही. तुले कोनता पाहिजे?”

ताराचंदजींनी तव्याकडे पाहिलं. त्याच्या दांड्याकडे पाहिलं.

“माताजी,” ते म्हणाले, “दोन्ही राहू द्या.”

बाकीच्या तबकड्या रिक्षात चढल्या. प्रत्येक पाकिटावर नानांचं अक्षर होतं. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग गोपिकानं भोकाड पसरलं, आणि दारात उभं राहण्याची चैन संपली.

यांनी स्वतःहून चावी दिली. अंगाई सुरू झाली आणि नेमकी तिच्या जागी अडकली. नीज गं, नीज गं, नीज गं. माझे दोन्ही हात गुंतलेले. सासूबाईंनी कणकेचं बोट पदराला पुसलं आणि सुई हलकेच पुढं लोटली.

“सरक वं बाई,” त्या तिला म्हणाल्या.

पाचव्या मिनिटाला घोरण्याचा आवाज आला. पुठ्ठ्याखाली, खुर्चीतच, आनंदराव गाढ झोपले होते. नागपुरातल्या गुन्हेगारांना रान मोकळं होतं.

गोपिका मात्र टक्क जागी होती.