यादीत पहिलं नाव

लातूरच्या त्या कॉलेजातलं वाय-फाय सारखं बंद पडायचं, म्हणून वकारला बोलावलं होतं. त्यानं दोन दिवसांत छताला लावलेले वाय-फायचे बावीसही डबे एका कंट्रोलरला जोडले आणि वाय-फाय धावायला लागलं. इथंच थांबायचं की नाही? पण वकारला आपलं काम समजावून सांगायची भारी खोड.

"आप्पा, कुठला फोन कुठल्या डब्याखाली किती वेळ होता, हे बी आता दिसतंय," तो संस्थेचे अध्यक्ष चंद्रप्पा यांना म्हणाला.

चंद्रप्पा खुर्चीत पुढं सरकले. "म्हंजे कँटीनमधी कोण बसून राहिलं, ते कळंल?"

"हाव. मिनिटासकट."

झालं. क्लार्क मल्लेश कामाच्या वेळात कँटीनमध्ये पडून असतो, असा त्यांना जुना संशय. त्यांनी तिथल्या तिथं हुकूम काढला: आठवडाभरात कँटीनमध्ये सगळ्यात जास्त बसणाऱ्याची हिमायतनगरच्या शाखेत बदली. नावाची जागा कोरी ठेवून तो टाइप करायला मल्लेशलाच बसवलं. बिचाऱ्यानं नुकतंच लातुरात घर बांधायला काढलं होतं. त्यानं कसाबसा हुकूम टाइप केला.

वकार कंट्रोलरवर फोन नोंदवू लागला. "स्टाफचे चाळीस झाले, आप्पा. तुमचा सोडला."

"कामून सोडला?"

वकार घुटमळला. आप्पांना साखर होती. घरी बायको गुरम्माबाई त्यांना भाकरी आणि मेथीच्या पाण्यावर ठेवत, म्हणून आप्पा रोज कँटीनच्या आतल्या खोलीत बसून गुलाबजाम खात. अख्ख्या कॉलेजला हे ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

"तुम्ही मोठे. तुमच्यावर कशाला नजर?"

"आरं, संस्थेची कुठलीबी यादी माझ्या नावाबिगर निघाली न्हाई. गॅदरिंगची पत्रिका असू दे, न्हाईतर पाण्याच्या टाकीवरची पाटी. घाल."

वकारनं घातलं. रोज संध्याकाळी अहवाल आपोआप मेलनं जाईल, अशी सोयही केली. "कुणाकुणाला पाठवू?"

"मला. आन् माहितीस्तव प्रत सगळ्या संचालकांना. पद्धत हाय ती."

उपाध्यक्षा गुरम्माबाईच होत्या. पण माहितीस्तव आलेला कागद कुणी वाचल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं.

सोमवारचा अहवाल पाहून चंद्रप्पा तणतणत आले. "शिपाई आनंदराज पहिला, आन् मी चौदावा?"

"अक्षरानं लागलीत नावं, आप्पा."

"ते मला सांगू नको. माझं नाव वर पायजे."

वकारनं मल्लेशकडं पाहिलं. तो फोनवर कुणाला तरी हिमायतनगरच्या एसटीची वेळ विचारत होता. वकारला फार वाईट वाटलं. त्यानं सेटिंगमध्ये एकच बदल केला: ज्याचा कँटीनमधला वेळ जास्त, त्याचं नाव वर.

मंगळवारी पहिलं नाव चंद्रप्पांचं. "आता कसं?" म्हणत ते समाधानानं कँटीनची पाहणी करायला गेले. बुधवारी, गुरुवारी, शुक्रवारीही तेच पहिले. आपलं नाव मानानं वर आहे आणि वेळेची खरी यादी त्याच्या खालून सुरू होते, हे ते धरूनच चालले होते. पुढचे आकडे वाचायची त्यांना गरज वाटली नाही.

शनिवारी हुकमावर सह्या व्हायच्या होत्या. बदलीच्या हुकमावर उपाध्यक्षांचीही लागते, म्हणून गुरम्माबाई आल्या. मल्लेश भिंतीला टेकून उभा होता.

"घे, सही कर," चंद्रप्पा म्हणाले. "नाव मल्लेशचं लिहायचं हाय. यादीत माझ्याखाली त्योच हाय."

गुरम्माबाईंनी चष्मा लावला आणि पर्समधून फोन काढला. "मल्लेश, आठवड्याची चाळीस मिनिटं. तुम्ही, अकरा तास दहा मिनिटं."

"ते… पाहणी करून राहिलो होतो."

"गुलाबजामाची? कँटीनवाल्याला इचारलंय मी." त्यांनी फोन टेबलावर ठेवला. "सहा महिने मेथी भिजवून राहिले मी. डॉक्टर मलाच बोलत्यात, साखर उतरत का न्हाई म्हणून."

मग त्यांनी डोळे पुसले, कोऱ्या जागेत वळणदार अक्षरात नाव लिहिलं आणि खाली सही केली.

"आगं, मी अध्यक्ष हाय," चंद्रप्पा पुटपुटले.

"म्हणून तर पहिलं नाव तुमचं. हुकूम बी तुमचाच. हिमायतनगरला कँटीन न्हाई, फोन करून इचारलंय." त्यांनी कागद मल्लेशच्या हातात दिला आणि वकारकडं वळल्या. "शाखेच्या बाहेर हॉटेल हाय म्हणं. त्याच्याकडच्या भिंतीला एक डबा बसव. आन् माहितीस्तव प्रत फक्त मला."