पाचवं झाकण

"ठेका सोडला तर मिशी उतरवीन," असं ड्रमर शौनकने रेकॉर्डिंगच्या सकाळी छातीठोकपणे सांगितलं. क्षिप्राने नुसतं 'बघू' म्हटलं. ती गिटार वाजवायची आणि बँड तिच्याच धाकात चालायचा. पहिल्या अल्बमचं नाव होतं 'जमेल तसं'. तालीम नाही, कागद नाही. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतला एक रिकामा गाळा रविवारपुरता घ्यायचा आणि सुचेल ते वाजवायचं.

तिसऱ्या तुकड्यात क्षिप्राला सात मात्रांचं काहीतरी भलतंच सुचलं आणि शौनकची सम हरवली. गड्याची पाचावर धारण बसली, काठ्या हवेतच राहिल्या. ठेका मात्र चालूच! भिंतीपलीकडच्या गाळ्यात स्टीलच्या डब्यांची झाकणं ठोकत होते: धाड, धाड, धाड, धाड, टकटक. बाकीचे डोळे मिटून त्यावर बारा मिनिटं वाजवत राहिले. संपल्यावर क्षिप्राने त्याला मिठीच मारली.

"कसला वाजवलास रे! पत्र्याचा आवाज कुठून काढलास?"

शौनकने खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिथेच तो फसला.

अल्बम आला आणि ती बारा मिनिटं जो तो ऐकवू लागला. वाशीच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला, पोस्टरवर एकट्या शौनकचा फोटो. "तेच वाजव, बस," क्षिप्रा म्हणाली. शौनकला घास गिळवेना. बिंग फुटलं तर बँडमधून हकालपट्टी, आणि बँड गेला तर उरणार काय, बेलापूरचं ऑफिस आणि तिथला चहा!

शेवटी त्याने पावणं गाठलं. झाकणांच्या मशीनवर साताऱ्याकडच्या गिरजाबाई होत्या. त्याने ती बारा मिनिटं त्यांना मोबाइलवर ऐकवली.

"मावशी, ती टकटक कितीदा असते?"

"चार झाकणं सरळ निघत्यात. पाचवं अडकतं, मग हातोडी घालायची. कधी दोनदा, कधी पाचदा."

"पण किती, हे ठरवतं कोण?"

"झाकण," गिरजाबाई म्हणाल्या.

यातून शिकणार काय, कपाळ! आठ दिवस अल्बम ऐकून त्याने टोला न् टोला वहीत उतरवला, घोकला. गिरजाबाईंना एक पास दिला, तेवढंच पाप हलकं.

कार्यक्रमात शर्ट घामाने पाठीला चिकटला, पण एक टोला चुकला नाही. टाळ्या पडल्या. झाकली मूठ झाकलेलीच राहिली म्हणून त्याने सुस्कारा सोडला, तोच गिरजाबाई समोर, आणि शेजारी क्षिप्रा. आता ही बाई सगळं बोलणार!

"चांगलं वाजवलंस लेकरा," गिरजाबाई म्हणाल्या. "पण लईच मशीनवानी."

"मलाही तेच वाटलं, मावशी," क्षिप्रा म्हणाली. "अल्बमवर कसं, जिवंत माणूस वाजवतोय हे कळतं."

गिरजाबाई पदर सावरून चक्क लाजल्या.

सोमवारी शौनक ऑफिसात आला तेव्हा त्याला मिशी नव्हती.